प्रोसेसरच्या आराखड्यांची लढाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटेल, एएमडी आणि आर्म या प्रोसेसरचे आराखडे करणाऱ्या कंपन्यांच्या चढाओढीबद्दल मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले जातात. बहुतेकांना थेट निकाल हवा असतो : कोणाचा आराखडा सरस? वेगवेगळ्या प्रोसेसरवर प्रोग्राम चालते करणं हे माझं रोजचं काम आहे आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. या लढाईत कागदावरच्या सुबकपणाला फारसं कोणी विचारलं नाही. लोकांचे आधीचे प्रोग्राम कोण सांभाळून घेतो, यावर प्रत्येक वेळी डाव फिरला. पुढची उत्तरं वाचताना माझी ही बाजू ध्यानात असू द्या.

इंटेल आणि एएमडी या वेगळ्या कंपन्या. मग एकच प्रोग्राम दोघांच्याही चिपवर जसाच्या तसा कसा चालतो?

कारण प्रोसेसरला दोन आराखडे असतात आणि बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. पहिला म्हणजे आज्ञासंच, म्हणजेच इन्स्ट्रक्शन सेट. प्रोसेसरला कोणत्या आज्ञा कळतात, त्या कोणत्या आकड्यांनी लिहायच्या, हाताशी रजिस्टर, म्हणजे चालू कामातले आकडे ठेवायच्या जागा, किती, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. प्रोग्राम आणि चिप यांच्यातला तो करार आहे. दुसरा आराखडा आतल्या रचनेचा : त्या आज्ञा प्रत्यक्षात कशा पार पाडायच्या, एका वेळी किती हाती घ्यायच्या, कॅश, म्हणजे चिपमधला मेमरीचा छोटा, वेगवान साठा, केवढा ठेवायचा.

इंटेल आणि एएमडी यांचा करार एकच आहे, एक्स८६. त्यात ०५ या बाइटचा अर्थ ‘पुढे दिलेली संख्या मुख्य रजिस्टरमध्ये मिळव’ असा आहे. १९७८ च्या ८०८६ चिपलाही तो बाइट तसाच कळत होता आणि आजच्या दोन्ही कंपन्यांच्या चिपनाही तसाच कळतो. ती बेरीज आत कशी घडवायची, हा ज्याच्या त्याच्या कसबाचा भाग. इंटेल-एएमडी लढाई बहुतेक वेळा या दुसऱ्या आराखड्यावर झाली. आर्मशी चाललेली लढाई मात्र कराराचीच आहे.

एएमडीने इंटेलची नक्कल मारली, हे खरं का?

अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंही इंटेलच्या संमतीने घडलेलं.

दोन्ही कंपन्यांची मुळं एकाच ठिकाणी आहेत. इंटेल १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी काढली, एएमडी १९६९ मध्ये जेरी सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. दोन्ही घरची मंडळी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधून बाहेर पडलेली. त्या काळी मोठा ग्राहक एकाच कारखान्यावर विसंबून राहायला तयार नसे. कारखान्यात बिघाड झाला तर आपलं उत्पादन ठप्प होईल, ही भीती रास्तच होती. म्हणून चिप बनवणारे स्वतःहून दुसऱ्या कंपनीला तीच चिप बनवायची परवानगी देत.

आयबीएमने आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी इंटेलची ८०८८ निवडली. ते यंत्र ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलं. आयबीएमला पुरवठादार दोन हवे होते. १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार झाला आणि एएमडी कायदेशीरपणे इंटेलच्या चिप बनवू लागली.

१९८५ मध्ये ३८६ ही नवी चिप आली तेव्हा इंटेलने हात आखडता घेतला. बाजार एवढा वाढला होता की वाटेकरी कशाला, असा तो हिशोब. प्रकरण लवादाकडे गेलं, तिथून न्यायालयात. एएमडी निकालाची वाट पाहत बसली नाही. तिने स्वतःची एएम३८६ तयार केली आणि १९९१ मध्ये विक्रीला आणली. इंटेलची ३८६ ३३ मेगाहर्ट्झवर थांबली होती, एएमडीची ४० पर्यंत गेली. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एएमडीच्या बाजूने कौल दिला आणि १९९५ मध्ये दोघांनी आपसात समझोता केला. त्यानंतरच्या एएमडीच्या चिप आतून पूर्णपणे वेगळ्या आहेत. त्यांना नक्कल म्हणणं त्या अभियंत्यांवर अन्याय करणारं आहे.

एक्स८६ एवढा जुना आणि वेडावाकडा, तरी तो टिकला कसा?

खरं तर तो टिकण्यासाठी बनवलाच नव्हता. सत्तरच्या दशकात इंटेलची सगळी मदार आयएपीएक्स ४३२ नावाच्या महत्त्वाकांक्षी प्रोसेसरवर होती. तो लांबत चालला, म्हणून मधल्या काळाची सोय म्हणून ८०८६ हाती घेतली. तिचा आज्ञासंच स्टीफन मोर्स यांनी आखला, आणि आधीच्या ८०८० चे प्रोग्राम सहज रूपांतरित करता यावेत याची काळजी घेतली. ४३२ अखेर १९८१ मध्ये आला. फार संथ निघाला आणि पडला. सोय म्हणून केलेलं मात्र घरात कायमचं बसलं.

आयबीएमच्या यंत्रामुळे या आज्ञासंचासाठी प्रोग्रामचा डोंगर उभा राहिला. एकदा तो डोंगर झाल्यावर नव्या चिपने काय करावं हे चिपवाल्याच्या हातात उरत नाही. बाजारातला एक्स८६ प्रोसेसर आजही वीज लागताच आधी १६-बिट, म्हणजे एका वेळी १६ द्विमान अंक हाताळणाऱ्या, अवस्थेत जागा होतो, जणू १९७८ च उजाडलंय. मग पायरीपायरीने ३२ आणि ६४ बिटवर येतो. ही जुनी अवस्था काढून टाकावी असा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला होता. २०२४ च्या अखेरीस तो मागे घेतला.

रिस्क आणि सिस्क हा वाद काय होता? कोण जिंकलं?

सिस्क म्हणजे एका आज्ञेत बरंच काम उरकणारा आज्ञासंच, एक्स८६ सारखा. रिस्क म्हणजे थोड्या, साध्या, एकाच लांबीच्या आज्ञांचा. आयबीएममध्ये जॉन कॉक यांच्या गटाला सत्तरच्या दशकात दिसलं की प्रोग्राम प्रत्यक्षात साध्याच आज्ञा वापरतात, अवघड आज्ञा पडून राहतात. १९८० च्या आसपास बर्कलीत डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्डमध्ये जॉन हेनेसी यांनी ही कल्पना चिपमध्ये उतरवून दाखवली. दोघांना संगणकशास्त्रातलं २०१७ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं ते याच कामासाठी.

विचार म्हणून रिस्क जिंकलं, याबद्दल मला शंका नाही. पण बाजारात एक्स८६ मेला नाही, कारण इंटेलने १९९५ च्या पेन्टियम प्रोमध्ये एक शहाणपणाची वाट काढली. बाहेरून येणारी गुंतागुंतीची आज्ञा आत शिरताच तोडून साध्या तुकड्यांत बदलायची आणि आतलं यंत्र ते तुकडेच चालवणार. बाहेर जुना करार, आत रिस्कसारखी रचना. नेक्सजेन नावाची छोटी कंपनी हीच वाट चालत होती. एएमडीने ती विकत घेतली आणि तिच्या आराखड्यातून १९९७ ची के६ उभी राहिली.

३८६, ४८६ या मालिकेतल्या पुढच्या चिपला इंटेलने ५८६ न म्हणता ‘पेन्टियम’ का म्हटलं?

३८६ सारखा नुसता आकडा व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे एएमडीलाही तोच आकडा खुशाल वापरता आला असता. म्हणून १९९३ मध्ये आकडा सोडून नाव आलं.

पेन्टियमची ती भागाकाराची चूक नेमकी काय होती?

४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा. उत्तर १.३३३८२०४४९ यायला हवं. सदोष पेन्टियम १.३३३७३९०६८ सांगत असे. उलट ताळा केला, म्हणजे आलेल्या उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणून मूळ संख्येतून वजा केलं, तर शून्याऐवजी २५६ उरत. भागाकारासाठी चिपमध्ये एक तक्ता असतो, त्यातल्या १०६६ नोंदींपैकी पाच राहून गेल्या होत्या. एवढंच.

थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. आकडा जुळेना. त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग इतर यंत्रं, आणि एकेक शक्यता बाजूला सारत शेवटी बोट चिपवर ठेवलं. अशा चिकाटीपुढे मान लवते. सर्वसाधारण वापरात ही चूक क्वचितच दिसेल, असं इंटेलचं म्हणणं होतं, आणि सुरुवातीला ज्यांना खरी गरज आहे त्यांनाच चिप बदलून मिळेल असं तिने सांगितलं. लोक संतापले, आयबीएमने त्या चिपची यंत्रं पाठवणं थांबवलं आणि डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलने सरसकट बदलून द्यायचं कबूल केलं. त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

पूर्वी दरवर्षी गिगाहर्ट्झ वाढायचे. ती शर्यत का थांबली?

शर्यत मोठी चुरशीची होती. ६ मार्च २००० ला एएमडीने १ गिगाहर्ट्झची ॲथलॉन जाहीर केली, ८ मार्चला इंटेलने तेवढ्याच गतीची पेन्टियम ३. दोनच दिवसांचा फरक.

मग इंटेलने पेन्टियम ४ ची रचनाच मोठ्या गिगाहर्ट्झसाठी केली. कारखान्यातल्या साखळीसारखी प्रोसेसरमध्ये पाइपलाइन असते. एका आज्ञेचं काम जितक्या जास्त टप्प्यांत वाटाल तितका प्रत्येक टप्पा छोटा होतो आणि क्लॉक, म्हणजे गिगाहर्ट्झमध्ये मोजला जाणारा ठोक्यांचा वेग, वाढवता येतो. पेन्टियम ४ मध्ये सुरुवातीला २० टप्पे होते, २००४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीत ३१. पण प्रोग्राममध्ये साधारण पाचसहा आज्ञांमागे एक तरी ‘जर-तर’ येतो. प्रोसेसर पुढची वाट अंदाजाने धरतो. अंदाज चुकला की साखळीत भरलेलं सगळं फेकून पहिल्यापासून सुरुवात. साखळी जितकी लांब तितका हा फटका मोठा.

एएमडीने छोटी साखळी ठेवून दर ठोक्याला जास्त काम करून घेतलं. पण ग्राहक डब्यावरचा आकडा बघत असल्याने तिला ‘१८००+’ अशी नावं द्यावी लागली. त्या चिपचा खरा क्लॉक १.५३ गिगाहर्ट्झ होता.

शेवटी दोघांनाही उष्णतेने अडवलं. ट्रान्झिस्टर लहान केले की विजेचा दाबही त्या प्रमाणात उतरायचा, हा जुना नियम या सुमारास संपला. विजेची गळती वाढली, चिप तापू लागली. ४ गिगाहर्ट्झची पेन्टियम ४ जाहीर होऊनही २००४ मध्ये रद्द झाली, आणि पुढचा टेजस आराखडाही. २००५ मध्ये दोघांनी दोन कोअरच्या, म्हणजे एकीतच दोन प्रोसेसर असलेल्या, चिप आणल्या. २००६ च्या कोअर २ मध्ये इंटेलने छोट्या साखळीचाच रस्ता धरला. तो आराखडा लॅपटॉपसाठी इस्रायलमधल्या गटाने केलेल्या पेन्टियम एमच्या वळणावर गेला होता.

६४ बिटचा आराखडा एएमडीचा, आणि इंटेल तो वापरते? हे घडलं कसं?

या सगळ्या इतिहासातलं माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं पान हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

नव्वदच्या दशकात ३२ बिटच्या ४ जीबी मेमरीची मर्यादा जवळ येताना दिसत होती. इंटेलने १९९४ मध्ये एचपी या कॉम्प्युटर कंपनीशी हातमिळवणी केली आणि एक्स८६ बाजूला ठेवून नवाकोरा आज्ञासंच घडवायला घेतला. त्यातून इटानियम जन्माला आला. कल्पना देखणी होती. कोणत्या आज्ञा एकाच वेळी चालवता येतील हे चिपने धावताना का शोधत बसावं? प्रोग्राम भाषांतरित करणाऱ्या कंपायलरने आधीच ठरवून गठ्ठे बांधून द्यावेत, चिपने ते मुकाट चालवावेत.

अडचण मेमरीची. हवा असलेला आकडा कॅशमध्ये असला तर तीनचार ठोक्यांत हाती येतो, नसला तर शेकडो ठोके वाट पाहावी लागते. कोणत्या वेळी काय होईल हे कंपायलरला आधी कळणं शक्यच नाही, ते धावत्या चिपलाच दिसतं. शिवाय जुने एक्स८६ प्रोग्राम इटानियमवर रखडत चालत. पहिला इटानियम २००१ मध्ये आला, उशिरा आणि निस्तेज. तोवर त्याच्या नुसत्या धाकाने मात्र कामं झाली होती. एचपीने स्वतःचा पीए-रिस्क आराखडा सोडायचं ठरवलं आणि कॉम्पॅकने अल्फासारखा उत्तम आराखडा इटानियमच्या भरवशावर मोडीत काढला. अल्फाचं मला अजून वाईट वाटतं.

एएमडीकडे नवा आज्ञासंच रुजवण्याएवढं बळ नव्हतं. तिने आहे त्याच एक्स८६ ला मजला चढवला. रजिस्टर ८ होते ते १६ केले, रुंदी ६४ बिट केली. आता या जादा रजिस्टरांची नावं आज्ञेत लिहायची कुठे? मोकळे बाइट जवळजवळ उरलेच नव्हते. एएमडीच्या लोकांनी ४० ते ४एफ (हेक्साडेसिमल लेखनात) हे सोळा बाइट उचलले. ते जुन्या काळी रजिस्टरमध्ये एक मिळवण्या-वजा करण्याच्या छोट्या आज्ञांसाठी राखलेले होते, आणि तेच काम दुसऱ्या, किंचित लांब आज्ञेनेही होत असे. फक्त ६४-बिट अवस्थेत या सोळा बाइटांचा अर्थ बदलला : ‘पुढची आज्ञा ६४ बिटची किंवा नव्या रजिस्टरची आहे’. जुन्या अवस्थेत सगळं जागच्या जागी. नवं ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टिम चालू असतानाही जुना ३२-बिट प्रोग्राम शेजारी पूर्ण वेगाने धावतो.

एप्रिल २००३ मध्ये या आराखड्याचा ऑप्टेरॉन आला, सप्टेंबरमध्ये ॲथलॉन ६४. मायक्रोसॉफ्टने या आराखड्यासाठी विंडोज बनवायला घेतलं आणि २००४ मध्ये इंटेलने आपल्या चिपमध्ये तोच आज्ञासंच स्वीकारला. तेव्हापासून एएमडी इंटेलच्या ३२-बिट पायावर उभी आहे आणि इंटेल एएमडीच्या ६४-बिट मजल्यावर. परस्पर परवान्यांची गाठ एवढी घट्ट आहे की कोणालाही एकट्याला बाहेर पडता येत नाही. इटानियमची शेवटची खेप २०२१ मध्ये गेली.

एवढा सरस माल असून एएमडीचा बाजारातला वाटा त्या वेळी का वाढला नाही?

एक कारण म्हणजे कारखान्यांची अपुरी क्षमता. दुसरं कारण एएमडीने २००५ मध्ये न्यायालयात मांडलं : कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्याकडून चिप घेऊ नयेत म्हणून इंटेल त्यांना सशर्त सवलती देते. जपानच्या स्पर्धा आयोगाने त्याच वर्षी इंटेलला दोषी धरलं. युरोपीय आयोगाने मे २००९ मध्ये १.०६ अब्ज युरोचा दंड केला. नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेलने एएमडीला १.२५ अब्ज डॉलर देऊन खटले मिटवले.

युरोपातला तो दंड मात्र टिकला नाही. आयोगाने सवलतींचा आर्थिक परिणाम नीट सिद्ध केला नाही, असं सांगून २०२२ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला, आणि २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम ठेवलं. म्हणून ‘इंटेलला एक अब्जाचा दंड झाला’ एवढंच सांगणं अपुरं आहे.

एएमडी मध्यंतरी बुडायला आली होती म्हणतात. मग झेन आराखडा कुठून आला?

२०११ च्या बुलडोझर आराखड्यात दोन कोअरमध्ये दशांश गणिताचा भाग सामाईक ठेवला होता. कोअरची संख्या दिसायला मोठी, पण एकेकटा कोअर दुबळा. रोजचे बहुतेक प्रोग्राम एका कोअरच्या जोरावर चालतात, तिथे तो मार खायचा. कंपनीने २००९ मध्येच कारखाने वेगळे काढून ग्लोबलफाउंड्रीज केली होती. २०१५ मध्ये तिचा शेअर दोन डॉलरच्याही खाली उतरला.

ऑक्टोबर २०१४ मध्ये लिसा सू मुख्याधिकारी झाल्या. चिप-अभियंते जिम केलर २०१२ मध्ये एएमडीत परत आले होते आणि माइक क्लार्क यांच्यासारख्या जुन्या अभियंत्यांसह कोऱ्या कागदावर झेन आखला गेला. मार्च २०१७ मध्ये झेनवरचा रायझन प्रोसेसर आला. एएमडीच्या सांगण्यानुसार तो आधीच्या आराखड्यापेक्षा दर ठोक्याला ५२ टक्के जास्त काम करत होता. त्याआधीची दहा वर्षं इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉप चिपमध्ये चारच कोअर असत. रायझन आठ घेऊन आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलनेही सहा दिले. स्पर्धा कशाला हवी असं विचारणाऱ्याला मी ही एक गोष्ट सांगतो.

पुढची उडी चिपलेटची. सिलिकॉनच्या चकतीवर इथेतिथे दोष असतातच. एक मोठी चिप कापली तर एका दोषाने सगळी वाया जाते, छोटे तुकडे कापले तर एकच तुकडा टाकावा लागतो. २०१९ च्या एपिक प्रोसेसरमध्ये एएमडीने आठ-आठ कोअरचे आठ तुकडे, अधिक बाहेरच्या जगाशी बोलणारा एक मोठा तुकडा असे ६४ कोअर जोडले. कोअरचे तुकडे तैवानच्या टीएसएमसी या चिप-कारखानदार कंपनीच्या ७ नॅनोमीटर प्रक्रियेवर होते. नेमक्या त्याच काळात इंटेलचं १० नॅनोमीटर वर्षानुवर्षं लांबलं होतं.

७ नॅनोमीटर, ५ नॅनोमीटर हे नेमकं कशाचं माप?

आता कशाचंच नाही. ती पिढीची नावं आहेत. इंटेलने २०२१ मध्ये आपल्या १० नॅनोमीटरच्या सुधारित प्रक्रियेचं नाव बदलून ‘इंटेल ७’ केलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका.

आर्म ही कंपनी वर्षानुवर्षं स्वतः चिप बनवत नव्हती, तरी सगळीकडे तीच कशी?

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीला आपल्या पुढच्या कॉम्प्युटरसाठी बाजारातला एकही प्रोसेसर पसंत पडला नाही. सोफी विल्सन यांनी आज्ञासंच लिहिला, स्टीव्ह फर्बर यांनी चिपची रचना केली. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप हातात आली आणि चालली. ट्रान्झिस्टर सुमारे २५,०००. त्याच वर्षीच्या इंटेल ३८६ मध्ये २,७५,००० होते.

चिपला किती वीज लागते हे मोजायला फर्बर यांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर. आणि चिप तर प्रोग्राम चालवतेय! शोध घेतल्यावर कळलं की बोर्डावरच्या दोषामुळे तिच्या विजेच्या पिनला वीज पोचतच नव्हती. इतर पिनांवरून येणाऱ्या संकेतांतली जी थोडी वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर ती चालत होती. कमी वीज हे ध्येय नव्हतं, स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात चिप तापू नये एवढाच हेतू होता. पण हाच गुण पुढे मोबाइलमध्ये कामाला आला.

१९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही वेगळी कंपनी काढली. ती आराखडे विकते. कोणी तयार कोअर घेतं, कोणी फक्त आज्ञासंचाचा परवाना घेऊन कोअर स्वतः घडवतं. त्यामुळे ग्राहकच एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात, आणि कधी आर्मशीही भांडतात. क्वालकॉम या चिप कंपनीने २०२१ मध्ये नुव्हिया ही कंपनी विकत घेतल्यावर परवान्यावरून आर्मशी वाद पेटला. डिसेंबर २०२४ मध्ये ज्युरीने क्वालकॉमच्या चिपना परवाना आहे असं ठरवलं.

आणि इंटेल? तिच्याकडे एक्सस्केल नावाचा स्वतःचा आर्म विभाग होता. २००६ मध्ये तो ६० कोटी डॉलरला मार्व्हेलला विकला. पुढच्याच वर्षी आयफोन आला, आर्म चिप घेऊन.

ॲपलने तीनदा आज्ञासंच बदलला, तरी तिचे ग्राहक का पळाले नाहीत?

१९९४ मध्ये ६८००० या आज्ञासंचाकडून पॉवरपीसीकडे, २००६ मध्ये इंटेलकडे, २०२० मध्ये स्वतःच्या आर्म चिपकडे. दर वेळी जुने प्रोग्राम नव्या चिपवर चालवणारा दुभाषा सोबत दिला, म्हणून. एम१ ही २०२० ची आर्म चिप तर दुभाषाच्या सोयीनेच घडवलेली आहे, आणि ते मला फार आवडतं.

कारण हे दुखणं मी सोसलंय. आमच्या एका प्रोग्राममध्ये एक धागा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) आकडे भरून ‘तयार’ अशी खूण करायचा, दुसरा धागा खूण पाहून आकडे उचलायचा. एक्स८६ वर अनेक वर्षं विनातक्रार चाललं. आर्मवर आणलं आणि दिवसाकाठी एखाद्या वेळी जुनेच आकडे यायला लागले. एक्स८६ मध्ये एका कोअरने केलेल्या नोंदी इतर कोअरना त्याच क्रमाने दिसतात. आर्म असं वचन देत नाही, खूण आधी दिसू शकते आणि आकडे मागून. चूक आमचीच होती, एक्स८६ ने ती झाकून ठेवली होती. सापडायला दोन आठवडे गेले, दुरुस्ती एका ओळीची.

एम१ मध्ये ॲपलने एक्स८६ सारखाच क्रम पाळणारी खास अवस्था ठेवली. भाषांतरित प्रोग्राम त्या अवस्थेत चालतात, म्हणून वेगही राहतो आणि असे दोषही बाहेर येत नाहीत.

मग आर्म मुळातच कमी वीज खातं का?

आज्ञासंचामुळे थोडा फरक पडतो. ६४-बिट आर्मची प्रत्येक आज्ञा चार बाइटची, एक्स८६ ची एक ते पंधरा बाइटची. पुढची आज्ञा कुठे सुरू होते हे आर्ममध्ये न शोधता कळतं, म्हणून एकदम आठ आज्ञा उलगडणं, म्हणजे त्यांचा अर्थ लावणं, एम१ ला सोपं गेलं. पण मोठ्या कोअरमध्ये उलगडणाऱ्या भागाचा वाटा लहान असतो. खरा फरक पडतो तो चिप कशासाठी आखली, कोणत्या प्रक्रियेवर बनवली आणि कॅश किती दिला यामुळे. लोगो पाहून विजेचा अंदाज बांधू नका.

वेगाच्या हव्यासाने सुरक्षेला धक्का बसला का?

हो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष उघडकीला आले. अंदाजाने पुढच्या आज्ञा आधीच चालवायच्या आणि अंदाज चुकला तर विसरून जायचं, ही युक्ती सगळ्यांनीच घेतली होती. पण कॅशमध्ये त्याचे ठसे राहतात आणि त्यावरून गुपितं वाचता येतात. मेल्टडाउनचा मुख्य फटका इंटेलला बसला, एएमडी त्यातून वाचली. स्पेक्टरने सगळ्यांना गाठलं.

रिस्क-फाइव्ह या सगळ्यांना हटवेल का?

२०१० मध्ये बर्कलीत सुरू झालेला हा आज्ञासंच कोणीही परवाना शुल्क न देता वापरू शकतो. आज्ञासंच खुला म्हणजे चिप फुकट, असा गैरसमज मात्र नको. चांगला कोअर घडवायला माणसं आणि पैसा लागतोच. मोठ्या चिपच्या पोटातले छोटे नियंत्रक म्हणून तो झपाट्याने शिरला आहे, कारण तिथे सांभाळायला जुने प्रोग्रामच नसतात. डेस्कटॉपवर तेच ओझं आडवं येतं.

मी चिप निवडताना काय पाहू?

तुम्ही रोज वापरता त्या प्रोग्रामची मोजमापं, तुमच्या वापरासारख्या परिस्थितीत घेतलेली. कोअरची संख्या आणि गिगाहर्ट्झ त्यानंतर. आर्म यंत्र घेणार असाल तर जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणं चालवणारे प्रोग्राम, आधी तपासा. प्रोग्रामला दुभाषा मिळतो, ड्रायव्हरला मिळत नाही.

२०२४ मध्ये इंटेल आणि एएमडी एकत्र का बसले?

ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघांनी एक्स८६ साठी सल्लागार गट स्थापन केला. त्यात लिनक्स घडवणारे लिनस टोरवाल्ड्सही आहेत. एकत्र येण्याची गरज कशी पडते हे एव्हीएक्स-५१२ वरून दिसतं. एका आज्ञेत सोळा आकडे हाताळणाऱ्या या आज्ञा इंटेलनेच आणल्या. २०२१ मध्ये तिने डेस्कटॉप चिपमध्ये मोठे आणि छोटे कोअर एकत्र बसवले, छोट्यांना त्या आज्ञा येत नव्हत्या, म्हणून मोठ्यांमध्येही बंद केल्या. पुढच्याच वर्षी एएमडीने झेन ४ मध्ये त्या सुरू केल्या. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याने काय करावं? आम्ही एकाच कामाच्या दोन प्रती लिहितो आणि प्रोग्राम सुरू होताना चिपला विचारतो, तुला हे येतं का.